खांद्यातली शीर तुटली आहे, ऑपरेशन करू का?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी कराडला पोळीभाजी केंद्र चालवते. वय ५८. दिवसाला तीनशेच्या आसपास पोळ्या होतात. हाताखाली दोघीजणी आहेत, पण लाटायला मीच असते. आठ महिन्यांपासून उजवा खांदा दुखतोय. त्या कुशीवर झोपता येत नाही, अंबाडा घालताना हात वर टिकत नाही, फळीवरचा डबा काढताना कळ येते. पडले-झडले काहीच नाही. एमआरआयमध्ये शीर पूर्ण तुटल्याचं आलंय, १४ मिलिमीटर. एक डॉक्टर म्हणतात लगेच शिवून घ्या, नाहीतर हात कायमचा जाईल. दुसरे म्हणतात शिवायचं राहू द्या, दुर्बिणीने वरचं हाड तेवढं तासू. तिसऱ्यांनी चार महिन्यांत दोन इंजेक्शनं दिली. पहिल्याने महिनाभर बरं वाटलं, दुसऱ्याने आठ दिवससुद्धा नाही. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांची साखर ८.९ आहे. फिजिओकडे पाच-सहा वेळा गेले, मग सोडलं. इतकी वर्षं लाटणं फिरवून मीच खांदा घालवला का? आणि ऑपरेशन केलं तर केंद्र किती दिवस बंद ठेवावं लागेल?

उत्तर:

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. आज ऑपरेशन करू नका. बारा आठवडे व्यायाम मनापासून करा, साखर खाली आणा, तिसरं इंजेक्शन घेऊ नका आणि वर्षभराने खांद्याची सोनोग्राफी करायला विसरू नका. मी स्वतः या शस्त्रक्रिया करतो. त्यामुळे हे शस्त्रक्रियेच्या भीतीपोटी लिहिलेलं नाही, एवढं लक्षात घ्या.

तुम्ही जिला शीर म्हणता ती रक्ताची शीर नाही. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथला तो चिवट पांढरा पट्टा असतो, त्याला कंडरा म्हणतात. डॉक्टर टेंडन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात खांद्याला उखळीचा सांधा म्हटलेलं असतं, पण खांद्याची उखळ बशीइतकी उथळ असते. त्या बशीवरून दंडाच्या हाडाचा गोळा घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात. मांडवाच्या खांबाला तणावे बांधतात ना, तसे. या चौघांच्या कंडरा मिळून जे आवरण होतं ते रोटेटर कफ. तुमचा फाटलाय तो वरचा तणावा, सुप्रास्पायनेटस. बहुतेकांचा पहिला तोच जातो.

रिपोर्टातल्या 'पूर्ण' या शब्दाने तुमची झोप उडाली असणार. त्याचा अर्थ कंडरा वरून खालपर्यंत आरपार फाटली आहे, एवढाच. गोधडीला आरपार भोक पडलं म्हणून गोधडीचे दोन तुकडे होत नाहीत. आजूबाजूचे टाके धरून असतात. १ ते ३ सेंटिमीटरच्या फाटीला आम्ही मध्यम म्हणतो. तुमची त्यात खालच्या बाजूला बसते.

आता 'मीच घालवला का' याबद्दल. पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून त्यावर जरा थांबतो.

अमेरिकेत सेंट लुईसच्या यामागुची आणि सहकाऱ्यांनी २००६ साली खांदेदुखीच्या रुग्णांचे दोन्ही खांदे सोनोग्राफीने तपासले. ज्यांची कंडरा शाबूत होती त्यांचं सरासरी वय ४८.७ निघालं. एका खांद्यात फाट असलेल्यांचं ५८.७ आणि दोन्ही खांद्यांत असलेल्यांचं ६७.८. जवळजवळ दहा-दहा वर्षांच्या पायऱ्या. तुमचं वय बघा. जपानमध्ये यामामोतो यांनी एका गावातल्या ६८३ लोकांचे खांदे तपासले. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात वय, पूर्वी झालेली इजा आणि आपण ज्या हाताने काम करतो तो हात, या तीन गोष्टींचा फाटीशी संबंध दिसला. म्हणजे उजव्या हाताने काम केल्याचा थोडा वाटा आहे, नाही म्हणत नाही. पण ज्यांना खांद्याची काही तक्रारच नव्हती अशांपैकी १६.९ टक्के लोकांत त्याच गावात फाट सापडली. कंडरेला रक्तपुरवठा मुळात बेताचा, वय वाढलं की तिची वीण सैल होते, मधुमेह आणि तंबाखूचा धूर त्यात भर घालतात. काही घरांत ते रक्तातूनही येतं. तुमच्या लाटण्याला एकट्याला आरोपी करू नका.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन नवीन आलं तेव्हा हात बसावा म्हणून मी वडिलांचे खांदे तपासले. ते तेव्हा ७४ वर्षांचे होते आणि त्या वर्षीही शाळूच्या काढणीला उभे राहिले होते. शाबूत कंडरा पडद्यावर गाडीच्या टायरसारखी फुगीर, उजळ दिसते. वडिलांच्या उजव्या खांद्यात त्या फुगवट्याच्या जागी काळा खड्डा होता. डावीकडेही तसाच, जरा लहान. मी विचारलं, "अण्णा, हा खांदा कधी दुखला का?" म्हणाले, "दुखला असेल एखाद्या सुगीत. कोण लक्षात ठेवतंय!" त्या दिवसापासून रिपोर्ट हातात घेतला की मी आधी माणसाकडे बघतो, मग कागदाकडे.

फाट केवढी आणि दुखणं केवढं याचा मेळ बसत नाही, हे पुढे अमेरिकेतल्या मून नावाच्या गटाने नीट मोजून दाखवलं. इजा न होता कंडरा आरपार फाटलेल्या ४५२ लोकांना त्यांनी आधी ठरावीक व्यायाम दिला. दोन वर्षांत त्यातल्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी लोकांनी शस्त्रक्रियेचा रस्ता धरला, आणि ज्यांनी धरला त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या बारा आठवड्यांतच. कोण ऑपरेशनकडे वळणार हे फाटीच्या आकारावरून तितकंसं सांगता येत नव्हतं. व्यायामाने आपल्याला फरक पडेल असं ज्यांना मुळातच वाटत नव्हतं, ते वळले. तुम्ही पाच-सहा वेळा जाऊन फिजिओ सोडलंत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. आठवडाभरात या खांद्याला काही होत नसतं. सहाव्या आठवड्यापर्यंत 'काही उपयोग नाही' असंच वाटतं, आणि मग एके दिवशी लक्षात येतं की काल रात्री कूस बदलताना जाग आली नाही.

व्यायामाने फाटलेलं जुळतं का? नाही. ते भोक तिथेच राहतं. पण उरलेले तीन तणावे आणि दंडावरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, गोळ्याला बशीच्या मधोमध धरायला शिकतात. सुप्रास्पायनेटस नसताना डेल्टॉइड गोळा वर खेचतो आणि तो वरच्या हाडाखाली अडकतो. ही खेच ताळ्यावर आणणं हेच त्या व्यायामांचं काम.

आता ते 'वरचं हाड तासायचं' प्रकरण. १९७२ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी मांडलं की खांद्याच्या छपराचं हाड, म्हणजे अ‍ॅक्रोमिअन, कंडरेवर घासतं आणि त्या घासण्याने ती झिजते. दिसायला सरळ आणि पटण्याजोगं. चाळीसेक वर्षं जगभर हाडं तासली गेली. मग इंग्लंडमध्ये काही रुग्णांचं हाड तासलं आणि काहींच्या खांद्यात दुर्बीण नुसती घालून बाहेर काढली, कोणाला काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला की दोन्ही गटांत फरक नाही. त्या चाचणीत तुमच्यासारखी आरपार फाट असलेले लोक नव्हते, हे खरं. पण फिनलंडच्या कुक्कोनेन यांनी ५५ वर्षांवरच्या, न पडता सुप्रास्पायनेटस फाटलेल्या १८० खांद्यांवर हेच पाहिलं. नुसता व्यायाम, हाड तासून व्यायाम, आणि हाड तासून कंडरा शिवून व्यायाम, असे तीन गट होते. वर्षभरानंतर तिघेही सारखेच होते, दोन वर्षांनीही. तेव्हा नुसतं हाड तासण्यासाठी भूल घेऊ नका. या बाबतीत माझ्या मनात किंतु नाही.

शिवण्याबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही, आणि पहिल्या डॉक्टरांना चूकही म्हणणार नाही. नॉर्वेच्या मूसमायर यांनी लहान आणि मध्यम फाटीच्या १०३ रुग्णांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. सुरुवातीला शिवलेले आणि व्यायामवाले यांच्यातला फरक लहान होता. पण वर्षं गेली तसा तो शिवलेल्यांच्या बाजूने वाढत गेला. नुसत्या व्यायामावर राहिलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांची फाट पाच वर्षांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली. ज्यांना मागाहून शस्त्रक्रिया करावी लागली त्यांचे खांदे आधीच शिवून घेतलेल्यांच्या मागे राहिले. हाडापासून सुटलेला स्नायू वापराविना आक्रसतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. फ्रान्सच्या गुटालिए यांनी १९९४ साली याची पायरी लावून दिली, ० ते ४. चरबी एकदा भरली की चांगली शिवणही तिला मागे नेत नाही. म्हणून मी वर्षभराने सोनोग्राफी म्हणतोय. दुखणं थांबलं की माणूस खांदा विसरतो आणि फाट आतल्या आत सरकत राहते.

तुमच्या रिपोर्टात 'रिट्रॅक्शन' आणि 'फॅटी' हे शब्द शोधा. स्नायूत चरबी नाही आणि कंडरेचं टोक फार मागे गेलेलं नाही असं असेल, तर तुमच्याकडे बारा आठवडे निश्चित आहेत. चरबी दिसत असेल किंवा सबस्कॅप्युलॅरिस, म्हणजे पुढचा तणावाही, फाटल्याचं लिहिलं असेल, तर माझं हे पत्र बाजूला ठेवा आणि खांद्याचं काम करणाऱ्या सर्जनकडे आधी जा. आणि तुम्ही पडला असतात, पडल्यापासून हात उचलतच नसता, तर मी अगदी उलटं लिहिलं असतं. अशी ताजी फाट पहिल्या काही आठवड्यांत शिवलेली बरी. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी बाइकवरून पडून 'मुका मार आहे, बसेल' म्हणून दोन महिने तेल चोळत बसलं असेल, तर त्याने आज दाखवून घ्यावं.

एक गोष्ट घरीच पाहता येईल. उताणं झोपा, हात सैल सोडा आणि हाताखालच्या बाईंना तुमचा उजवा हात हळूहळू डोक्याकडे न्यायला सांगा. त्यांच्या हाताने तो पूर्ण वर गेला, तुमच्या ताकदीने मात्र जात नसेल, तर अडचण कंडरेची. त्यांनाही तो नेता येत नसेल, कोपर कमरेशी धरून पंजा बाहेर वळवायला गेलं की सांधा मधेच आडतो असं असेल, तर खांदा आखडलाय. मधुमेहात हे फार होतं, लोक त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. फाट आणि आखडणं एकाच खांद्यात असू शकतं. तेव्हा आधी आखडलेपण सोडवायचं, शिवायचं नंतर बघायचं. आखडलेल्या खांद्यावर शिवण घालून तो सहा आठवडे बांधून ठेवला की पुढचे महिने फार हालाचे जातात. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या घेऊन जात असेल तर मानही तपासून घ्या.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. स्टिरॉइडचं एखादं इंजेक्शन रात्रीची झोप परत देतं आणि व्यायाम सुरू करायला हात मोकळा करतं. त्यापलीकडे ते कंडरेचं काही भलं करत नाही, वरचेवर घेतलं तर तिला कमकुवतच करतं. मधुमेहात त्याने काही दिवस साखर चढते. शिवाय शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात घेतलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुमची दोन झाली आहेत, पुरे.

बारा आठवड्यांनीही झोप लागत नसेल, हात आणखी कमजोर झाला असेल, तर शिवून घ्या. त्यात कसलीही हार नाही. दुर्बिणीतून आत गेलं की फाटलेली कड अगदी दशा सुटलेल्या पदरासारखी दिसते. त्या दशा साफ करून कड हाडापर्यंत ओढायची, हाडात बारीक खिळ्यासारखे अँकर बसवायचे, त्यांच्या धाग्यांनी कंडरा बांधून टाकायची. टाके घालून झाले की काम संपत नाही, खरं तर सुरू होतं. कंडरेने हाडाला पुन्हा धरायचं असतं आणि ते दर वेळी होत नाही. इंग्लंडमधल्या युकफ नावाच्या मोठ्या चाचणीत शिवलेल्यांपैकी साधारण ४० टक्के खांद्यांत कंडरा वर्षभराने जुळलेली नव्हती. उघडून शिवलं काय किंवा दुर्बिणीने, फरक नव्हता. फाट मोठी आणि वय जास्त तितकं जुळणं अवघड. तुमचं वय आणि तुमच्या फाटीचा आकार या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. साखर नाही. ८.९ वर मी हात लावणार नाही. ती ७ च्या जवळ आणायला जे काही महिने लागतील, तेच तुमच्या व्यायामाचे महिने.

१९०९ साली बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने फाटलेली ही कंडरा शिवल्याची नोंद आहे. तुम्हाला फिजिओने ओणवं होऊन हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला सांगितलं असेल, तो व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मला ते आवडतात ते दुसऱ्या कारणासाठी. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचा निकाल रुग्णालयाने पुढे जाऊन तपासावा आणि जगासमोर ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांचं सहकाऱ्यांशी फाटलं आणि १९१४ साली ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून बाहेर पडले. तेव्हा तुमच्या सर्जनला बिनधास्त विचारा, "डॉक्टर, तुमच्या रुग्णांची तुम्ही वर्षभराने सोनोग्राफी करता का? माझ्यासारख्या किती जणांची कंडरा जुळली?" चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. अँकर किती लागतील आणि त्यांचे पैसे वेगळे का, हेही आधीच विचारा, बिलातली मोठी रक्कम तिथेच असते. सरकारी योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे चौकशी करून ठेवा.

शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत. सुरुवातीच्या रात्री उशा लावून बसतं झोपावं लागतं. सहा आठवड्यांनी हात स्वतःच्या ताकदीने हलवायचा, तीन महिन्यांनी जोर लावायचा. पोळी लाटायला साधारण चार ते सहा महिने धरा आणि कणकेची भरली परात उचलायला त्याहून जास्त.

हे झालं पुढचं. आजचं काम ओट्याशी आहे. ओटा तुमच्या उंचीला जास्त असेल तर लाटताना खांदे कानाकडे चढतात आणि तो फाटलेला तणावा दर पोळीला ओढला जातो. पायाखाली पाट घ्या. पोळपाट कमरेच्या जरा वर आला पाहिजे, कोपरं अंगाजवळ राहिली पाहिजेत, आणि जोर खांद्यातून न देता अंग पुढे झुकवून द्यायचा. एकदा आरशासमोर लाटून बघा, खांदा चढतोय का ते लगेच दिसेल. पीठ, तेल, मिठाचे डबे छातीच्या खाली आणा. वरच्या फळीवर सणासुदीची भांडी जाऊ द्या. कणीक मळण्याचं काम यंत्राला द्या, परवडत असेल तर या महिन्यातच. रात्री पाठीवर झोपून उजव्या दंडाखाली दुमडलेली चादर ठेवा, म्हणजे कोपर मागे पडत नाही.

व्यायाम फिजिओकडूनच शिका, तुमचा खांदा बघून ते ठरवतील. साधारण क्रम असा असतो: ओणवं होऊन झुलवणं, उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरून डाव्याच्या मदतीने उजवा वर नेणं, खांद्याची पाती मागे आवळणं, मग काखेत घडी केलेला टॉवेल धरून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ताणणं. व्यायाम करताना थोडं ठणकलं तर चालेल. तो ठणका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरला पाहिजे. नाही उतरला तर कमी करायचं, सोडायचं नाही. आठवड्यातून एकदा फिजिओ आणि रोज घरी दोनदा, दहा-दहा मिनिटं. एकदा सकाळी केंद्र उघडायच्या आधी, एकदा रात्री.

आणि केंद्र बंद ठेवू नका. दोघींपैकी एकीला आजपासून लाटायला बसवा. ऑपरेशन झालं तर ती लागेलच, नाही झालं तरी तुमच्या खांद्याला निम्म्या पोळ्यांची सुट्टी मिळेल. तिच्या पहिल्या काही दिवसांच्या पोळ्यांना कोपरे निघतील. गिऱ्हाइकांना सांगा, ताईंचा हात दुखतोय. वर्षानुवर्षं तुमच्या हातचं खाणारी माणसं आहेत, ती महिनाभर कोपऱ्याच्या पोळ्या खातील.